दहा रकान्यांची वही

दिवाळीच्या फराळाचे ताट शेजारून आले, की माझा हात आधी चकलीकडे जातो, मग चिवड्याकडे, मग लाडवाकडे. करंजी मी अगदी शेवटी घेतो. घरच्यांची समजूत अशी, की मला करंजी आवडत नाही. नातवंडांनी तर माझ्या वाटणीच्या करंजीवर परस्पर हक्कच सांगून टाकला आहे. खरी गोष्ट अशी, की करंजी मला फार आवडते. पण ती उचलताना मला तीन करंज्यांचा एक जुना हिशेब आठवतो आणि साठाहून अधिक वर्षांपूर्वी मी बोललेले एक वाक्य आठवते. ते वाक्य खोटे असते, तर मी केव्हाच विसरलो असतो. पण ते खरे होते. खोटे बोलल्याचा पश्चात्ताप झालेली माणसे पुष्कळ भेटतात. खरे बोलल्याची टोचणी जन्मभर बाळगणारा माणूस विरळा. तो मी आहे, म्हणून ही हकीगत सांगतो.

आम्ही मूळचे नगरचे मराठी ख्रिस्ती. त्या गावाला २०२४ सालापासून अहिल्यानगर म्हणतात, पण माझ्या तोंडातून अजून ‘नगर’च निघते. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली तिथे काम सुरू केले आणि १८४२ साली ‘ज्ञानोदय’ तिथूनच निघू लागला. आमच्या घरात ‘ज्ञानोदया’चे जुने अंक सुतळीने बांधून माळ्यावर ठेवलेले होते आणि खाली स्वयंपाकघरात पिठले-भाकरीच शिजत होती. नाताळात आजी करंज्या आणि अनारसे करी व शेजाऱ्यांकडे ताटे जात. दिवाळीत तीच ताटे भरून परत येत. त्यामुळे आम्हा मुलांची वर्षातून दोनदा दिवाळी व्हायची आणि शेजारच्या मुलांचा दोनदा नाताळ. धर्मातल्या फरकाची याहून अधिक जाणीव त्या वयात आम्हाला नव्हती.

आजोबा तिजोरी कचेरीत कारकून होते. माझ्या आठवणीत ते निवृत्तच आहेत, पण त्यांची कारकुनी कधी निवृत्त झाली नाही. घरातल्या काड्यांच्या पेटीपासून कोळशाच्या पाटीपर्यंत प्रत्येक गोष्टीची रोजकीर्द असे. आणि त्या सगळ्या वह्यांच्या खाली, पेटीच्या तळाशी, लाल कापडी बांधणीची एक लांबट वही असे. तिच्यात प्रत्येक पानावर दहा रकाने आखलेले होते. एकेका आज्ञेला एकेक रकाना.

सीनाय पर्वतावर मोशेला देवाने दिलेल्या दहा आज्ञा वाचकांना ऐकून तरी माहीत असतील. एकाच देवाला भजावे, मूर्ती करू नये, देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये, शाब्बाथ पाळावा, आईबापांचा मान ठेवावा. खून, व्यभिचार, चोरी, खोटी साक्ष आणि लोभ यांपासून दूर राहावे. रात्री नऊ वाजता प्रार्थना आटोपली, की आजोबा कंदिलाची वात वर करत, वही उघडत आणि दिवसभराचा झाडा घेत. आज्ञा पाळली असेल, तर बरोबरची खूण. मोडली असेल, तर शून्य. महिन्याच्या अखेरीस बेरीज आणि तिच्याखाली शिल्लक. सहावा आणि सातवा रकाना म्हणजे बिनकष्टाची जमा; तिथे कधी शून्य आले नाही. पण शेजारच्या वकिलांनी रेडिओ घेतला, त्या महिन्यात लोभाच्या दहाव्या रकान्यात सलग अकरा शून्ये होती, हे मी नंतर स्वतः पाहिले आहे. माणूस प्रामाणिक होता, यात शंका नाही.

गंमत अशी, की रविवारच्या शाळेत हेच आजोबा आम्हाला शिकवत, की कोणीही मनुष्य आपल्या कर्मांनी तरत नाही. तारण ही देवाची देणगी आहे, ती फुकट मिळते, फक्त हात पुढे करावा लागतो. हे ते इतक्या कळकळीने सांगत, की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायका डोळे पुसत. पण रात्री नऊनंतर पेन्सिल हातात आली, की कृपा आणि देणगी कुठल्या कुठे जाई. दिवसा आजोबा प्रॉटेस्टंट असत. रात्री कारकून होत. फुकट मिळालेल्या वस्तूवर कोणत्या कारकुनाचा विश्वास बसला आहे?

आजीचा कारभार उलटा. ती पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात वाढलेली. १९०० च्या दुष्काळात तिला कोणीतरी तिथे आणून पोचवले. जन्मगाव कोणते, आईबाप कोण, हे तिला शेवटपर्यंत ठाऊक नव्हते. ती वाचायला शिकली, शिवायला शिकली आणि कोणत्याही माणसाला ताटावर बसवल्याशिवाय त्याची चौकशी करायची नाही, हेही तिथेच शिकली. आजोबांच्या वहीचा विषय निघाला, की ती हसून म्हणे, “मला आत घेतलं, तेव्हा मी कोणती आज्ञा पाळत होते? उपाशी होते, एवढंच!”

मला अकरावे वर्ष लागले, तेव्हा आजोबांनी मलाही एक शाळेची वही दिली आणि पट्टीने दहा रकाने आखून दिले. मला कोण अभिमान वाटला!

त्याच सुमारास घरात ती गोष्ट घडली. माझा धाकटा काका एका पेढीवर रोकड सांभाळत असे. त्याने रोकडीतून एकशेऐंशी रुपये उचलले. कशासाठी, ते आम्हा मुलांना कोणी सांगितले नाही. पेढीवर अजून कोणाला पत्ता नव्हता; महिनाअखेरपर्यंत भरून टाकीन, असे काका रडून सांगत होता. आजोबांनी डोक्यावर टोपी घातली आणि ते स्वतः पेढीच्या मालकांकडे गेले. मालकांनी आजोबांच्या शब्दाखातर पोलिसांत वर्दी दिली नाही, पण काकाची नोकरी गेली. पैसे कोणी भरायचे, असा प्रश्न निघाला, तेव्हा आजोबा म्हणाले, “ज्यानं घेतले, त्यानं फेडावेत.” आणि काकाला म्हणाले, “फेडशील त्या दिवशी घरात ये.” काका-काकूंनी स्टेशनाजवळ एक खोली घेतली. काकूला तेव्हा दिवस गेलेले होते.

त्यानंतर दर रविवारी उपासना आटोपली, की आजी दोन पुडांचा पितळी डबा घेऊन बाहेर पडे. आजोबांनी विचारले, तेव्हा म्हणाली, “मंडळीत एक बाई आजारी आहे. तिला देऊन येते.” ती बाई कोण, ते मला आणि माझ्या धाकट्या भावाला ठाऊक होते, कारण डबा धरायला आळीपाळीने आमच्यापैकी एक जण बरोबर जात असे. म्हणजे माझी आजी दर आठवड्याला नववी आज्ञा मोडत होती आणि तीही नेमकी शाब्बाथाच्या दिवशी!

१९६२ ची दिवाळी आली. सीमेवर चीनशी युद्ध पेटलेले, त्यामुळे फटाके जेमतेमच उडत होते. पण फराळाची ताटे मात्र आली. वकिलीणबाईंच्या ताटात सात करंज्या होत्या. आजोबांनी त्या मोजल्या होत्या, हे निराळे सांगायला नकोच. रात्री जेवताना त्यांनी ताटावरचे फडके काढले.

“सात आल्या होत्या. चारच कशा?”

“पोरांनी खाल्ल्या असतील,” आजी म्हणाली.

आता त्या आठवड्यात माझ्या नवव्या रकान्यात आधीच दोन शून्ये पडलेली होती. मला तिथे काहीही करून खूण हवी होती. माझ्या भावाने पाटाखालून माझ्या मांडीला चिमटा काढला, इतका जोराचा, की दुसऱ्या दिवशीही वळ दिसत होता. पण मी ताठ बसलो आणि म्हणालो, “नाही आजोबा. आम्ही नाही खाल्ल्या. आजीनं त्या काकाच्या डब्यात घातल्या. ती दर रविवारी डबा नेते.”

आजोबा ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला आणि म्हणाले, “यापुढं या घरातलं अन्न तिकडं जाणार नाही.”

“बरं,” आजी म्हणाली.

मी वही काढली आणि नवव्या रकान्यात निळ्या शाईने ठसठशीत खूण केली. आजीने डबा घासला, पुसला आणि फळीवर पालथा घातला. झोपताना ती माझ्या अंगावर पांघरूण घालायला आली, तेव्हा तिने एवढेच विचारले, “खरं बोललास, बरं केलंस. पण कुणासाठी बोललास रे?”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता, तर मी आज्ञेचा आधार घेऊन भांडलो असतो. मला उत्तर देता आले नाही. आठ महिने तो डबा फळीवर तसाच पालथा होता आणि आठ महिने मी त्या फळीकडे बघायचे टाळत होतो.

पुढे मोठेपणी मला कळले, की आजीने विचारलेला प्रश्न आमच्या धर्माइतकाच जुना आहे. आज्ञा पाळायच्या, त्या कोणासाठी? तारण मिळावे म्हणून, की तारण मिळाले म्हणून? नव्या करारात पौलाने रोमच्या मंडळीला जे पत्र लिहिले, त्यात अब्राहामाचा दाखला देऊन तो सांगतो, की माणूस नीतिमान ठरतो तो विश्वासाने, कर्मांनी नव्हे. आणि याकोबाच्या पत्रात त्याच अब्राहामाचा दाखला देऊन असे म्हटले आहे, की ज्या विश्वासातून कृती निघत नाही, तो विश्वास मेलेला होय. एकाच साक्षीदाराला दोन्ही पक्षांनी आपापल्या बाजूने उभे करावे, तसा हा प्रकार. कोर्टात असे झाले, तर न्यायाधीश गोंधळेल. मग साध्या माणसांनी दोन हजार वर्षे वाद घातला, तर नवल ते काय?

मार्टिन ल्यूथरची कथा वाचताना तर मला पानोपानी आजोबा दिसले. १५०५ साली वादळात विजेने घाबरून तो मठात शिरला. तिथे त्याने असे कडक नियम पाळले, की शरीराची दशा झाली. तो तासन्‌तास पापांची कबुली देई, बाहेर पडल्यावर एखादे विसरलेले पाप आठवे आणि पुन्हा आत जाई. त्याचा वडीलधारा गुरू श्टाउपिट्झ अगदी कंटाळून जात असे. ल्यूथरजवळ लाल वही नव्हती, एवढाच फरक. अखेर पौलाच्या त्याच पत्रातून त्याला उमगले, की देवाचे नीतिमत्त्व ही भरावयाची रक्कम नसून मिळालेली देणगी आहे. तिथून पुढे १५१७ आले, युरोपातली मंडळी दुभंगली आणि १५४७ साली रोमन कॅथलिकांनी ट्रेंटच्या परिषदेत आपली उलट बाजू लेखी मांडली.

या दुभंगाचा एक धागा माझ्या संसारातही आहे. माझी बायको वसईची, कॅथलिक. लग्नाच्या नव्या नवलाईत मी एकदा आमच्या पुतण्याबद्दल तक्रार केली, “फार वाह्यात झालाय. सारखी पाचवी आज्ञा मोडतो.” ती बिचारी पांढरीफटक पडली. कारण आमची पाचवी आज्ञा आईबापांचा मान ठेवण्याची आणि त्यांची पाचवी आज्ञा खून न करण्याची! शास्त्रात आज्ञा दिल्या आहेत, पण त्यांना क्रमांक घातलेले नाहीत. कॅथलिकांनी पहिल्या दोन एकत्र केल्या आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेचे दोन भाग करून दहाची भरती केली. ल्यूथरच्या अनुयायांनीही तोच क्रम ठेवला; आमच्या मंडळीने दुसरा घेतला. आजोबांच्या वहीचे रकाने सासऱ्यांच्या घरी निराळे भरावे लागले असते, हे पाहून मला त्या दिवशी फार हसू आले आणि थोडे हायसेही वाटले.

हा जुना तंटा अगदीच मिटला नसला, तरी त्याची धार आता बोथट झाली आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत आउग्सबुर्ग येथे ल्यूथरन आणि रोमन कॅथलिक यांनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. त्याचा मथितार्थ असा, की माणूस आपल्या पुण्याईवर नव्हे, तर केवळ कृपेने देवाला मान्य होतो आणि ती कृपाच त्याला सत्कर्मांसाठी उठवते. २००६ साली मेथडिस्ट त्यात सामील झाले आणि २०१७ साली रिफॉर्म्ड मंडळ्यांची जागतिक संघटना. बायकोने ती बातमी वाचली आणि म्हणाली, “म्हणजे एवढी वर्षं भांडून शेवटी तुमच्या आजींचंच म्हणणं खरं ठरलं!”

पण या गोष्टीची दुसरी बाजूही आहे आणि ती लपवली, तर माझाच नववा रकाना रिकामा राहील. ‘सगळे फुकट आहे’ असे म्हणून हातपाय पसरणारे भक्तही मी पाहिले आहेत. डीट्रिश बोन्हॉफर नावाच्या जर्मन पाळकाने १९३७ साली या स्वस्त झालेल्या कृपेविरुद्ध एक पुस्तकच लिहिले. ज्या कृपेमुळे माणसाच्या वागण्यात तसूभरही फरक पडत नाही, ती कृपा नव्हेच, असे त्याचे म्हणणे. हिटलरला विरोध केला म्हणून एप्रिल १९४५ मध्ये त्याला फाशी दिले, तेव्हा त्याच्या शब्दांना वजन आहे, हे कोणीही मान्य करील. आणि खुद्द येशूने तरी आज्ञा कुठे मोडीत काढल्या? सार्वकालिक जीवनाची वाट विचारणाऱ्या श्रीमंत तरुणाला त्याने आधी आज्ञांचीच आठवण दिली. तरुण म्हणाला, या तर मी लहानपणापासून पाळतो. मार्क सांगतो, की येशूने त्याच्याकडे पाहिले आणि त्याला त्याच्याविषयी प्रीती वाटली. मग तो म्हणाला, एकच उणे आहे, असेल नसेल ते विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तरुण खिन्न होऊन निघून गेला. त्याच्या वहीत दहाही रकान्यांत खुणा होत्या. फक्त वही खाली ठेवणे त्याला जमले नाही.

आता पुन्हा नगरला जातो.

१९६३ चा जून महिना. मृगाचा पाऊस नुकताच लागला होता. आजोबा तापातून उठले होते. संध्याकाळच्या प्रार्थनेला आमच्याकडे शास्त्राचा एकेक अध्याय क्रमाने वाचायची रीत होती आणि त्या दिवशी वाचायची पाळी माझी होती. लूकचा पंधरावा अध्याय आला. उधळ्या मुलाची गोष्ट. धाकटा मुलगा वाटणी घेऊन परदेशी जातो, सगळे उडवतो, डुकरे राखायची वेळ येते, मग घरी परततो. आणि बाप दुरूनच त्याला पाहून धावत जाऊन गळ्यात पडतो. वाचताना माझा आवाज कापत होता. मी हळूच आजोबांकडे पाहिले. ते खांबाला टेकून स्वस्थ बसले होते. ही गोष्ट त्यांनी स्वतःच रविवारच्या शाळेत कितीदा तरी शिकवलेली होती.

मग थोरल्या मुलाचा भाग आला. तो शेतावरून येतो, घरातला जल्लोष ऐकतो आणि रागाने दाराबाहेरच उभा राहतो. बापाला म्हणतो, इतकी वर्षे मी तुमची चाकरी करतो आहे, तुमचा शब्द कधी मोडला नाही आणि मला मित्रांबरोबर मजा करायला साधे करडूसुद्धा मिळाले नाही.

“थांब,” आजोबा म्हणाले. “पुन्हा वाच.”

मी वाचले.

“पुन्हा.”

मी तिसऱ्यांदा वाचले. आजोबांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत बराच वेळ बसले. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “हा बाहेरच उभा आहे. गोष्ट संपते, तेव्हाही बाहेरच आहे.”

खरेच, तो थोरला मुलगा आत गेला की नाही, ते लूक सांगत नाही. घरात कोणी बोलेना. पन्हाळीतून पाण्याचा आवाज येत होता. मग आजी म्हणाली, “बाहेर आहे खरा. पण त्याला बोलवायलासुद्धा बाप बाहेर आलाय की.”

आजोबांनी त्या रात्री वही उघडली नाही.

पुढच्या रविवारी उपासनेहून परत आल्यावर ते आजीला म्हणाले, “अगं, डबा भर.” आजीने काही न विचारता फळीवरचा डबा उतरवला. पाऊस कोसळत होता. आजोबांनी टांगा बोलावला. ही गोष्ट किती मोठी होती, ते आज सांगूनही कळणार नाही. शाब्बाथाच्या दिवशी विकत काही घ्यायचे नाही, कोणाला राबवायचे नाही, हा नेम त्यांनी आयुष्यात मोडला नव्हता. पावसापाण्यात, तापातसुद्धा ते पायीच देवळात जात. त्या दिवशी ते टांग्यात बसले आणि मला डबा मांडीवर घेऊन शेजारी बसवले.

काका दारातच उभा होता. तो वाळला होता. आजोबांनी छत्री मिटली आणि विचारले, “आत येऊ का?”

बापाने मुलाला विचारले, “आत येऊ का?” एवढेच. त्या वेळी मला ते साधे वाक्य वाटले.

काकूने ॲल्युमिनियमच्या भांड्यातून पाणी दिले. आजोबांनी ते घेतले आणि तीन महिन्यांच्या बाळाला मांडीवर घेतले. ताटे पुरेशी नव्हती, म्हणून आम्ही चटईवर बसून डब्यातूनच जेवलो. पैशांचा विषय त्यांनी काढला नाही. परत येताना टांग्यात ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. फक्त रिकामा डबा त्यांनी माझ्याकडून घेऊन स्वतःच्या मांडीवर ठेवला.

१९६८ साली आजोबा वारले. पेटी आवरताना लाल वही माझ्या हाती आली. मी घाईघाईने जून १९६३ चे पान काढले. त्या रविवारी चौथ्या रकान्यात, शाब्बाथाच्या खाली, स्वच्छ गोलाकार शून्य होते. त्यांनी स्वतःला सूट दिली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून खुणा आणि शून्ये पूर्ववत सुरू होती, थेट दुखण्याने अंथरुणाला खिळेपर्यंत. पण एक गोष्ट बदललेली होती. त्या महिन्यापासून पानाच्या तळाशी शिल्लक मांडलेली नव्हती. पाच वर्षे त्यांनी आज्ञा पाळल्या, चुकल्या तिथे शून्य मांडले; बेरीज मात्र पुन्हा केली नाही. मी पुढे बँकेत चौतीस वर्षे हिशेब तपासले, पण शिल्लक न काढलेला इतका चोख हिशेब दुसरा पाहिला नाही.

काकाजवळ मी माझा अपराध कबूल केला, तो १९८४ साली. तो हसला. “अरे, मला त्याच आठवड्यात कळलं होतं. तुझ्या भावानं येऊन सांगितलं. तू खरंच बोललास ना? चोरी तर मीच केली होती.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “पेढीचे पैसे मी दरमहा पाच-पाच रुपयांनी फेडले. तीन वर्षं लागली. पण एक लक्षात ठेव. मी पैसे फेडले म्हणून अण्णा आले नाहीत. अण्णा आले म्हणून मी पैसे फेडले.”

शास्त्रात जक्कय नावाच्या लाचखाऊ जकातदाराची गोष्ट आहे. येशू आधी त्याच्या घरी उतरतो. चौपट परत करण्याचे वचन जक्कय त्यानंतर देतो. पाळकांची कित्येक प्रवचने ऐकून जो क्रम माझ्या डोक्यात शिरला नव्हता, तो काकाने दोन वाक्यांत सांगितला.

आता खरे म्हणजे इथे लेख संपायला हवा. पण या सगळ्या उठाठेवीचे कारण सांगायचे राहिलेच. ज्या भावाने पाटाखालून मला चिमटा काढला, त्याच्याशी मी चार वर्षे बोललेलो नाही. नगरच्या घराच्या वाटणीवरून बिनसले. मी बेकायदा काही केले नाही. कागद चोख आहेत, सह्या चोख आहेत, कोणताही वकील माझ्याच बाजूने मत देईल. चोरी नाही, खोटी साक्ष नाही, लोभही फारसा नाही. दहाही रकान्यांत खुणा आहेत. आणि गेले काही महिने मला रात्री झोप लागत नाही, तेव्हा कानात एकच शब्द येतो: “बाहेरच उभा आहे.”

परवा दिवाळीला अवकाश असतानाच मी बायकोला म्हटले, “करंज्या कर. सातच कर.” ती माझ्याकडे बघतच राहिली, पण तिने केल्या. तीन मी डब्यात घातल्या आहेत. डबा आजीचाच आहे. कल्हई मात्र नवी करून घेतली.

उद्या रविवार आहे. भाऊ पुण्याच्या दुसऱ्या टोकाला राहतो. रिक्षा करावी लागेल.